कोट घेतला, भाषा राहिली

लोहारा तालुक्यातले वकील बंधू-भगिनींनो आणि मागच्या रांगेत बसलेल्या मोहरीर-कारकून मंडळींनो,

मघापासून मी बघतोय. पंखे फुल्ल आहेत, घाम थांबत नाही, पण काळा कोट कुणी उतरवलेला नाही. तालुक्याच्या कोर्टात उन्हाळ्यात कोटाची सक्ती नाही, बार कौन्सिलचा तसा नियमच आहे. तरी आपण घालतो, कारण पक्षकाराला कोटातलाच वकील खरा वाटतो. हा काळा रंग आला कुठून? इंग्लंडचा दुसरा चार्ल्स १६८५ साली वारला, त्याच्या दुखवट्यात वकिलांनी काळे झगे चढवले आणि ते उतरवायचे राहून गेले, अशी गोष्ट तिकडचे वकील सांगतात. गोष्ट खरी धरली तर परक्या राजाचं सुतक आपण लोहाऱ्याच्या उन्हात अजून पाळतोय. तिकडे २००८ पासून दिवाणी न्यायाधीशांनी डोक्यावरचे केसांचे टोप काढून ठेवले. आपल्या गळ्यातला बँड मात्र कडक इस्त्रीचा.

मला अध्यक्ष केलंत, तेव्हा आपल्या धंद्याचं हे इंग्रजी घराणं जरा उकलून बघू.

लंडनमध्ये चार ‘इन’, म्हणजे बॅरिस्टरांच्या संस्था, आहेत: लिंकन्स, ग्रेज, मिडल टेंपल आणि इनर टेंपल. बॅरिस्टर व्हायचं तर परीक्षेइतकीच तिथल्या पंगतीला हजेरी लागायची. गांधीजी इनर टेंपलचे. बारा सत्रं भरायची आणि दर सत्राला निदान सहा जेवणं. चौघांच्या टेबलाला दारूच्या दोन बाटल्या मिळत. गांधीजी पिणारे नव्हते, त्यामुळे त्यांना आपल्या चौघांत ओढायला चढाओढ असे! १८९१ मध्ये ते बॅरिस्टर झाले, १९२२ मध्ये त्याच इनर टेंपलनं त्यांचं नाव काढलं आणि १९८८ मध्ये परत घातलं. आपली तारीख लांबली म्हणून आपण उगीच कुरकुरतो.

त्याच १९२२ च्या जूनमध्ये बाबासाहेब ग्रेज इनमधून बॅरिस्टर झाले. १९४१ साली ते आपल्या जिल्ह्यात कसबे तडवळ्याला आले ते महार-मांग वतनदारांच्या परिषदेसाठी. विषय वतनाचा, म्हणजे मुळात कायद्याचाच. समोर बसलेल्या माणसांना ग्रेज इनची इंग्रजी कशाला लागणार होती?

मला बोलायचंय ते कोर्टाच्या या भाषेवर.

इंग्लंडच्या कोर्टात एकेकाळी वकील फ्रेंचमध्ये बोलत. जिंकून आलेल्यांची ती भाषा. फिर्यादीला आपल्याच दाव्यात काय चाललंय ते कळत नसे. म्हणून १३६२ साली कायदा झाला, की कोर्टातलं बोलणं इंग्रजीत व्हावं. गंमत अशी, की हा कायदा लिहिला गेला फ्रेंचमध्ये, आणि नोंदी ठेवायच्या होत्या लॅटिनमध्ये. वकिलांनी मान डोलावली आणि पुस्तकांत, टिपणांत आपली फ्रेंच पुढे शतकानुशतकं चालू ठेवली. राजा नसतानाच्या काळात, १६५० मध्ये, सगळं इंग्रजीत करायचं ठरलं. १६६० ला राजा परतला, त्याच्याबरोबर लॅटिनही परतली. शेवटी १७३१ चा कायदा झाला आणि १७३३ पासून कोर्टाची भाषा इंग्रजी झाली. मोजा, जवळपास पावणेचारशे वर्षं. एवढं होऊनही ब्लॅकस्टोनसारखा पंडित कुरकुरलाच, की लोक कायद्यात होते तितकेच अडाणी राहिले.

हे वाचताना मला आपला मराठवाडा आठवतो. निजामाच्या अमलात कोर्ट उर्दूत, उस्मानिया विद्यापीठात कायद्याचं शिक्षणही उर्दूत, आणि बांधावरचा माणूस मराठी, कानडी बोलणारा. मी नवा होतो तेव्हा एक म्हातारी त्या अमलातला उर्दू मुंतखब, म्हणजे इनाम जमिनीचा दाखला, घेऊन आली होती. फडक्यात गुंडाळलेला, घड्यांवर विरलेला कागद. तो टेबलावर पसरला तर मध्येच चिरला. मला त्यातलं एक अक्षर कळेना. सिनियरांच्या मोहरीरानं चष्मा पुसला, उजवीकडून डावीकडे बोट फिरवत सर्वे नंबर वाचला, आणि म्हातारी म्हणाली, “हेच. हीच आमची पट्टी.” एवढा वेळ त्या टेबलाशी बिनकामाचा मीच होतो, काळ्या कोटातला.

उर्दू गेली, तिचे शब्द राहिले. वकालतनामा, पेशी, मिसल, फैसला. काही उत्साही मंडळी यांनाही मराठी करा म्हणतात. नको. इंग्लंडातही १७३३ ला रिटांची नावं भाषांतरित होईनात, तेव्हा ठरलेले शब्द तसेच ठेवायला दुसरा कायदा करावा लागला. ‘पेशी’ आमच्या चुलीपर्यंत पोचलेला शब्द आहे. अडचण शब्दांची नाही, वाक्यांची आहे.

खालच्या कोर्टांची भाषा मराठी, अशी अधिसूचना १९९८ ची. तरी आपला युक्तिवाद बघा: अर्धा इंग्रजी, अर्धा घाईचा. आणि अपील वर गेलं, की राज्यघटनेच्या ३४८ व्या कलमाप्रमाणे सगळं इंग्रजीत. १९८१ साली खंडपीठ औरंगाबादला आलं तेव्हा आपली मुंबईची वारी चुकली. भाषेचं अंतर तेवढंच राहिलं.

गेल्या महिन्यात खंडपीठाचा निकाल घेऊन माझा एक पक्षकार आला. बांधाचा वाद, दुसरी पिढी. अकरा पानं हातात धरून विचारतो, “वकीलसाब, जितलाव का हरलाव?” खरं सांगतो, मलाही चार पानं उलटावी लागली. थोडं जितला होता, थोडं परत खालच्या कोर्टाकडे पाठवलं होतं. हे त्याला दोन वाक्यांत सांगताना माझी जीभ ‘रिमांड’पाशी अडकली. “परत पेशी,” म्हटल्यावर त्याला एका क्षणात कळलं, आणि तो मटकन बसला.

तो निकाल मी बरोबर आणलाय. ज्यांची प्रॅक्टिस पाच वर्षांच्या आतली आहे, त्यांनी जेवणानंतर दोघा-दोघांनी बसून त्या अकरा पानांचं मराठीत एक पान करायचं. वाचून मी दाखवणार नाही. तो पक्षकार आलाय, मोहरीरांशेजारी, पांढऱ्या टोपीतला. त्याच्यापुढं तुम्हीच वाचा, आणि तो काय विचारतो ते लिहून घ्या.