जस्ती पत्र्याला रंग



आज मी तुम्हांला पत्र्याच्या रंगाची गोष्ट सांगणार आहे. गोष्ट माझ्याच फजितीची आहे.

मी घरावर नवे जस्ती पत्रे घातले. थोरल्या मुलीचं लग्न जवळ आलं होतं. घर चांगलं दिसावं म्हणून त्याच आठवड्यात लाल तेलरंगाचे दोन हात दिले. लग्न झालं. पावसाळा गेला. दिवाळीत वर पाहतो तो काय! रंगाचे पापुद्रे सुटलेले. रंगाचे पैसे गेले, मजुरीही गेली. मी दुकानदाराला बोल लावला. पण चूक माझी होती.

जस्ती पत्रा म्हणजे आत पोलाद आणि वर जस्ताचा मुलामा. जस्त आधी स्वतः झिजतं आणि पोलादाला गंजापासून वाचवतं. पण त्यावर रंग सहज धरत नाही. नवा पत्रा गुळगुळीत असतो. कारखान्यातून येताना त्यावर तेलाचा किंवा औषधाचा पातळ थर असतो. शिवाय साध्या तेलरंगातलं तेल आणि जस्त मिळून साबणासारखा पदार्थ होतो. मग रंग टिकणार कसा?

तेव्हा करायचं काय? नीट ऐका.

पहिलं काम धुण्याचं. साबणाच्या पाण्याने आणि काथ्याच्या ब्रशाने पत्रा घासा. पांढरी पूड असेल तर तीही काढा. तारेचा ब्रश नको, त्याने जस्त खरवडतं. मग स्वच्छ पाणी ओता. पाणी सारखं पसरलं तर ठीक. थेंब होऊन घरंगळलं तर तेल अजून आहे. पुन्हा धुवा.

दुसरं काम अस्तराचं. पत्रा पुरता वाळला, की जस्ती पत्र्यासाठी मिळतो तोच प्रायमर लावा. जुन्या पत्र्यावर लाल गंज असेल, तर तेवढी जागा आधी पॉलिशपेपरने घासा.

तिसरं काम रंगाचं. दोन पातळ हात द्या. पहिला वाळल्यावरच दुसरा. पावसाळ्याआधी, सकाळी दव वाळल्यावर काम करा. भर उन्हात तापलेल्या पत्र्यावर रंग लावू नका.

आता जिवाची काळजी. छपरावर खिळ्यांच्या ओळीवरच पाय ठेवा, कारण तिथे खाली आधार असतो. कमरेला दोर बांधा. जुन्या रंगात शिसं असू शकतं. ते विषारी आहे, लहान मुलांना फार बाधतं. म्हणून जुना रंग कोरडा घासू नका, ओला करून घासा. घरगुती रंगात दहा लाख भागांत 90 भागांहून जास्त शिसं नको, असा नियम आपल्या सरकारने 2016 साली केला. शिसं नाही असं छापलेलाच डबा घ्या.

आता शेवटचं सांगतो. पुढे मी साक्षरतेच्या वर्गाला जाऊ लागलो. अक्षरं जुळू लागली. एक दिवस माळ्यावरचा तोच रिकामा डबा हाती आला. त्यावर हिंदीत छापलं होतं, की जस्ती पत्र्याला आधी प्रायमर लावा. इतके दिवस ते माझ्याच घरात होतं. मला वाचता येत नव्हतं, एवढंच.

म्हणून सांगतो, डबा उघडण्याआधी डबा वाचा.