जंतुनाशकांची युरोपीय परीक्षा



१८४७ साली व्हिएन्नाच्या सार्वजनिक रुग्णालयातील प्रसूतिकक्षात इग्नाझ सेमेलवाइस या डॉक्टरांनी क्लोरिनयुक्त द्रावणाने हात धुण्याची सक्ती केली आणि बाळंतज्वराने होणारे मृत्यू झपाट्याने घटले. तरीही सोडियम हायपोक्लोराइटपासून निघणाऱ्या क्रियाशील क्लोरिनला युरोपीय संघाच्या विद्यमान कायद्याखाली जंतुनाशक म्हणून मान्यता लाभली ती १ जानेवारी २०१९ पासून. इतक्या परिचित द्रव्याला पुन्हा परीक्षेस का बसावे लागले, हे उमगले म्हणजे त्या कायद्याचे मर्म हाती येते.

२०१२ चा ५२८ क्रमांकाचा हा विनियम १ सप्टेंबर २०१३ पासून अमलात आला. पूर्वापार वापर हा सुरक्षिततेचा पुरावा नव्हे, हे त्याचे मूलतत्त्व होय. द्रव्य जंतूंचा नाश करते आणि माणसास, पशूंस व पर्यावरणास अस्वीकार्य अपाय करीत नाही, या दोन्ही गोष्टी सिद्ध करण्याचा भार उत्पादकावर असतो. एका सदस्य राष्ट्राचे अधिकारी कागदपत्रे तपासतात, हेलसिंकी येथील युरोपीय रसायन संस्थेची समिती अभिप्राय देते आणि युरोपीय आयोग निर्णय घेतो. ही झाली मूळ द्रव्याची मान्यता. त्यापासून बनविलेल्या बाटलीबंद मालाला पुढे स्वतंत्र परवाना लागतो.

मान्यताही सरसकट नसते. हात, रुग्णालयातील फरशी, गोठा, अन्नाशी संबंधित पृष्ठभाग, पिण्याचे पाणी, प्रत्येक उपयोगाचा विचार निराळा. हातांसाठीच्या साबणांतून घरोघरी पोहोचलेल्या ट्रायक्लोसानला मानवी स्वच्छतेच्या उपयोगाकरिता २०१६ साली मान्यता नाकारण्यात आली. सांडपाण्यावाटे जलाशयांना पोहोचणारा धोका अस्वीकार्य ठरला. कायद्याला दात आहेत, ते अशा वेळी दिसते.

तथापि या व्यवस्थेची गती मंद आहे, हे मान्य केलेच पाहिजे. जुन्या द्रव्यांची फेरतपासणी २०१० पर्यंत आटोपावयाची होती. ती मुदत आधी २०१४, मग २०२४ आणि आता ३१ डिसेंबर २०३० अशी लांबली. तपासणी प्रलंबित असलेली द्रव्ये तोवर राष्ट्रीय नियमांच्या आधारे बाजारात राहू शकतात. म्हणजे ज्यांची परीक्षा सर्वात आवश्यक, त्यांनाही विलंबाचा लाभ मिळतो! २०२० साली कोविडच्या साथीत सॅनिटायझरचा तुटवडा पडला तेव्हा सदस्य राष्ट्रांना पंचावन्नाव्या कलमाचा आश्रय घ्यावा लागला. सार्वजनिक आरोग्यास धोका असल्यास परवान्यावाचून १८० दिवसांपर्यंत तात्पुरती विक्री करू देण्याची सोय त्यात आहे.

आपल्याकडील निर्यातदारांनी दोन बाबी विशेष ध्यानी घ्याव्यात. १ सप्टेंबर २०१५ पासून, क्रियाशील द्रव्याचा किंवा मालाचा पुरवठादार संस्थेच्या यादीत असल्याखेरीज जंतुनाशक तेथे विकता येत नाही. संघाबाहेरील कारखानदाराला त्यासाठी तेथील प्रतिनिधी नेमावा लागतो. दुसरी बाब कापड व्यावसायिकांची. मोज्यांना अथवा चादरींना जंतुरोधक प्रक्रिया केली असेल, तर वापरलेले द्रव्य त्या उपयोगासाठी मान्य झालेले किंवा तपासणीखाली असलेले हवे. ‘जंतुरोधक’ असा दावा केल्यास त्या द्रव्याचे नाव लेबलावर, विक्रीच्या देशाच्या भाषेत, छापावे लागते. ग्राहकाने या प्रक्रियेविषयी विचारणा केली, तर पुरवठादाराने ४५ दिवसांच्या आत विनामूल्य उत्तर देणे बंधनकारक आहे.