टाकीवरचा वायू
(साखर व डिस्टिलरी रसायनतज्ज्ञांच्या परिषदेतील अध्यक्षीय भाषण, नंदुरबार)



पत्रिकेत माझा विषय ‘कार्बन डायऑक्साइडपासून विजेच्या साहाय्याने साखर : जागतिक आढावा’ असा छापलाय. आढावा चटकन उरकतो.

१८६१ साली बुत्लेरोव या रशियन रसायनज्ञाने फॉर्माल्डिहाइडवर चुन्याची क्रिया करून गोडसर पाक मिळवला. २०१८ मध्ये नासाने मंगळावरच्या कामासाठी कार्बन डायऑक्साइडपासून ग्लुकोज करणाऱ्यांना बक्षीस लावलं. २०२२ मध्ये चिनी संशोधकांनी विजेने याच वायूचं अ‍ॅसिटिक आम्ल केलं, ते जनुकीय बदल केलेल्या यीस्टला खाऊ घातलं आणि ग्लुकोज काढलं. यीस्ट कुठलं? आपल्या फर्मेंटरमधल्याच जातीचं. झाला आढावा.

आता माझं दुखणं. या नव्या प्रयोगांना कार्बन डायऑक्साइड वायू लागतो. हवेत तो जेमतेम ०.०४ टक्के, बॉयलरच्या धुरात जास्त, पण नायट्रोजनमध्ये मिसळलेला. जवळजवळ शुद्ध कुठे मिळतो? आपल्या आंबवण्याच्या टाकीवर. १८० किलो ग्लुकोज पुरतं आंबलं, तर ९२ किलो अल्कोहोल आणि ८८ किलो कार्बन डायऑक्साइड. उसाने हवेतून ओढून साखरेत बांधलेल्या सहा कार्बनपैकी दोन आपण परत आभाळात सोडतो. अल्कोहोलच्या लिटरालिटराचा हिशेब उत्पादन शुल्क खात्याला द्यावा लागतो. वायूला मात्र आमच्या रजिस्टरात रकानाच नव्हता. टाकीत माणूस उतरवण्याआधी दिवा सोडून बघायचा, विझला तर थांबायचं, एवढीच त्याची ओळख.

इथले काही सहकारी म्हणतात, या वायूत गंधकाचा अंश असतो, वीज सोडून वायू बदलणाऱ्या विद्युतघटातला उत्प्रेरक त्याने मरतो. गंधक उत्प्रेरकाला मारतं, हे खरं. पण एका डिस्टिलरीत असताना मी टाकीवर नळी बसवली होती. वायू पाण्यातून, मग परमँगनेटमधून, शेवटी कोळशातून काढला. वास गेला, लेड अ‍ॅसिटेटचा कागद पांढराच राहिला. साहेबांनी एकच विचारलं, ‘याचं बिल कुठल्या खात्यात टाकायचं?’ आठवड्यात नळी उतरली. ती सल अजून आहे, आणि आज माइक माझ्या हातात आहे.

दुसरा वाद चुन्याचा. बुत्लेरोवच्या फॉर्माल्डिहाइडच्या मार्गाने गेलं की साखरांची खिचडी होते, डावी-उजवी दोन्ही रूपं येतात, आणि क्रिया लांबली की मिश्रण पिवळं, मग तपकिरी पडतं. त्यावर पानंच्या पानं लिहिली जातात. अहो, रात्रपाळीला चुन्याचं दूध जास्त पडलं, पीएच चढला आणि रस तापलेला असला, की तो कसा काळवंडतो हे आपल्या शिफ्ट केमिस्टला विचारा! चुन्यात साखर कुठल्या घडीला बिघडू लागते, हे तो रंगावरून सांगेल. पण त्याला रसाचे ब्रिक्स आणि पोलचे आकडे लिहिण्यापलीकडे कुणी काही विचारत नाही.

वायूपासून साखर होते म्हणून ऊस उत्पादकांनी घाबरू नये. पुरुषोत्तमनगर किंवा डोकारेच्या साखर कारखान्याच्या गव्हाणीत ऊस पडायचा थांबणार नाही. एक किलो ग्लुकोज करायला, कणभरही नासाडी न होता, सुमारे साडेचार युनिट ऊर्जा लागते. प्रत्यक्षात कित्येक पट. आजच्या वीजदरात ती साखर कोण घेईल? शेजारच्या साक्री तालुक्यात शिवाजीनगरला १२५ मेगावॉटचा सौर प्रकल्प आहे; दुपारची स्वस्त वीज मिळाली तर गणित बदलेल, पण तेही प्रयोगापुरतंच. ‘यंत्र की ऊस’ हा वाद चहाच्या वेळी घाला. उसाचाच वायू पुन्हा उसाच्या कारखान्यात वापरा, एवढंच मी म्हणतोय.

मुंबईच्या आयआयटीत कार्बन पकडून वापरण्यासाठी राष्ट्रीय केंद्र आहे, पुण्यात राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा आहे. त्यांना आपण पत्र लिहू. मसुदा कुणीतरी करावा. चार-पाच जणांची समिती नेमावी, नावं दुपारी ठरवू. एखाद्या कारखान्याने एक टाकी, एक नळी आणि छोटा घट ठेवायला पत्र्याची खोली द्यावी. खर्चाचं पुढे बघू. आणि रजिस्टरात वायूचा रकाना मात्र येत्या हंगामापासून आखाच. त्याला कुणाच्या मंजुरीची गरज नाही, पट्टी आणि पेन्सिल पुरते.

सचिवांनी घड्याळ दाखवलंय. पहिल्या निबंधवाचकांना पाचारण करतो. त्यांचा विषय मळीची साठवण आहे, तेव्हा प्रश्नोत्तरांत मी पुन्हा उभा राहणार.