माझा ॲम्प्लिफायर, अण्णांचा रेडिओ

(रौप्यमहोत्सवी कार्यक्रमातील भाषण, जवळजवळ बोललो तसंच)



सेक्रेटरींनी मला 'माझा छंद' या विषयावर दहा मिनिटं दिली आहेत. माझा छंद आपण सगळे पंचवीस वर्षं भिंतीपलीकडून ऐकत आलात, तेव्हा ओळख नको. आज मला त्यातली एक गोष्ट कबूल करायची आहे.

माझं बालपण इंदापूरचं. सुट्टीत मी एका रेडिओ दुरुस्तीच्या दुकानात बसायचो. तुकोबांची पालखी जवळ आली की मंडपवाल्यांचे, भजनी मंडळांचे ॲम्प्लिफायर दुरुस्तीला यायचे. आत 'तीस-पंचावन्न' नंबरचे ट्रान्झिस्टर आणि त्यांच्या पाठीला ॲल्युमिनियमचा हीटसिंक. मालक त्याला हात लावूनच रोग ओळखायचे. तेव्हापासून डोक्यात बसलं, की गरम होतो तोच खरा ॲम्प्लिफायर. बारामती एमआयडीसीत नोकरी लागल्यावर घरी बनवला तोही तसाच. थंडीत आमची मांजर त्याच्यावर झोपायची.

2021 साली त्याचा ट्रान्सफॉर्मर जळाला. मुलाने क्लास डीचं एक बोर्ड मागवून दिलं, तळहाताएवढं. मी नाक मुरडलं. हा 'डी' म्हणजे डिजिटल नव्हे बरं का. ए, बी, सी आधीच वापरून झाले होते म्हणून डी.

जुन्या पंख्याचं ते रेग्युलेटरचं डबडं आठवतं? पंखा हळू केला की तापायचं, कारण उरलेली वीज ते स्वतः खायचं. जुन्या ॲम्प्लिफायरचं तसंच; ट्रान्झिस्टर अर्धवट उघडा राहतो आणि तापतो. क्लास डीमध्ये तो एकतर पूर्ण चालू, नाहीतर पूर्ण बंद, सेकंदाला काही लाख वेळा. किती वेळ चालू आणि किती वेळ बंद, त्या प्रमाणात गाणं दडलेलं असतं. पुढची कॉइल आणि कपॅसिटर ती फडफड गाळून स्पीकरला गाणं देतात. आवाज मोठा असताना नव्वद टक्क्यांच्या आसपास वीज कामी येते. क्लास बीची कागदावरची कमाल मर्यादा 78.5 टक्के, आणि घरातल्या हलक्या आवाजाला ती पुष्कळ खाली येते.

पहिल्या दिवशी भीमसेनजींचा तोडी लावला. तानपुरे सुरू झाले आणि मी दचकलो. त्यांच्याखालची घूं गायब! इतकी वर्षं ट्रान्सफॉर्मरची ती घूं मी तानपुऱ्याचाच भाग समजत होतो. टाळ मात्र जरा जास्त चमकायचे. बोर्डाची गाळणी चार ओमच्या स्पीकरसाठी, माझे स्पीकर आठ ओमचे. एक रेझिस्टर आणि कपॅसिटर जोडून ते सावरलं. पुढे जुन्याचा ट्रान्सफॉर्मर गुंडाळून आणला आणि भरगच्च वाद्यमेळाच्या गाण्यावर सौ.ला पडद्याआड अदलाबदल करायला लावली. आवाज सारखा ठेवून दहा वेळा. मी सहा वेळा बरोबर ओळखलं. नाणं उडवूनही एवढं येतं, असं ती म्हणाली. मी जुना माळ्यावर टाकला.

आणि इथेच घोळ झाला. जुना तापायचा म्हणून आठवणीने बंद करायचो. हा गारच, म्हणून रात्रंदिवस चालू.

आमच्या खाली अण्णा राहतात. पुणे आकाशवाणी, 792 किलोहर्ट्झ, हा त्यांचा सकाळचा नेम. दोन-तीन महिन्यांनी जिन्यात भेटले तेव्हा म्हणाले, "कानात शिट्टी वाजते रे. रेडिओ दुकानात दाखवला, तिथे ठणठणीत. म्हणजे कानच गेले." डॉक्टर झाले, तपासणी झाली. वयाच्या मानाने कान उत्तम, असं कळलं तरी त्यांचा विश्वास बसेना. त्यांनी रेडिओ बंद केला. पुढे कट्ट्यावर येणंही कमी केलं. चुकीचं ऐकून भलतंच उत्तर देऊ, ही भीती. मी त्यांना धीर देत होतो. वरून माझं बोर्ड चालूच होतं.

एक दिवस सकाळपासून वीज नव्हती. वेळ जाईना म्हणून अण्णांनी सेलवर रेडिओ लावला. संध्याकाळी खाली भेटले. "गंमत बघ, आज लाइट नव्हती तर शिट्टीही नव्हती."

माझ्या पायाखालची जमीन सरकली. बोर्डाची फडफड 400 किलोहर्ट्झच्या आसपास, तिची दुप्पट 800. शेजारीच 792! दोन लहरी मिसळल्या की त्यांच्यातल्या फरकाची शिट्टी होते. आणि फरशीवरून खोलीभर फिरवलेल्या माझ्या स्पीकरच्या लांबलचक वायरी म्हणजे अण्णांच्या डोक्यावर पसरलेली एरियलच. वीज आल्यावर मी वर बटण दाबत होतो आणि खिडकीतून ओरडत होतो, "आता?" अण्णा खालून, "आली!" "आता?" "गेली!"

बोर्ड बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात घातलं, डबा अर्थिंगला जोडला, वायरी निम्म्याने तोडल्या, त्यांच्यावर फेराइटच्या कड्या चढवल्या. शिट्टी जवळजवळ गेली. किंचित उरली आहे, म्हणून अण्णांच्या बातम्या आणि भक्तिगीतं संपेपर्यंत मी बटणाला हात लावत नाही. तोडी सकाळचा राग आहे हे मला ठाऊक आहे. आमच्याकडे तो साडेनऊला सुरू होतो.

अण्णा पहिल्या रांगेत बसलेत. रेडिओवाल्याचे आणि डॉक्टरांचे पैसे ते माझ्याकडून अजून घेत नाहीत. खजिनदारांनी यात लक्ष घालावं.