इंग्रजी क्रियापदांचे सोबती

परगांवाहून घरच्या वडीलधाऱ्या माणसाच्या प्रकृतीविषयीं इंग्रजींत पत्र यावें, त्यांत ‘ही हॅज कम डाउन विथ फीव्हर’ असें वाक्य असावें, आणि वाचणाऱ्यानें ताप उतरला असें समजून देवापुढें साखर ठेवावी, ही चूक सहज होण्याजोगी आहे. ‘कम’ म्हणजे येणें, ‘डाउन’ म्हणजे खालीं. मग चुकलें कोठें? ताप उतरल्यास इंग्रज ‘द फीव्हर हॅज कम डाउन’ असें म्हणेल. पत्रांतल्या वाक्यांत खालीं आला आहे तो रोगी. तो तापानें अंथरुणास खिळला आहे. जें पत्र वाचून गाडी गांठावयाची, तेंच वाचून घर निश्चिंत होतें!

अशा क्रियापदांचें ‘फ्रेजल व्हर्ब’ हें नांव लोगन पिअरसॉल स्मिथ याच्या १९२५ सालच्या ग्रंथानें पुढें आणलें. अडचण मात्र जुनी. परकीयांस हें प्रकरण सर्वांत जड जातें, असें डॉक्टर जॉन्सननें १७५५ सालींच आपल्या कोशाच्या प्रस्तावनेंत नमूद केलें आहे. मराठी माणसानें याचें फार नवल करूं नये. ‘डोळा लागला’ म्हणजे झोंप आली आणि ‘वाटेकडे डोळे लागले’ म्हणजे झोंप उडाली, हें मराठी मूल व्याकरणावांचून जाणतें.

‘पुट ऑफ’ व ‘कॉल ऑफ’ यांची गल्लत तर नित्याची. पहिल्यानें मुलाखत पुढें ढकलली जाते, दुसऱ्यानें ती रद्दच होते. भेद न कळलेला उमेदवार नव्या तारखेची वाटच पाहणार नाहीं. पाहुणा हॉटेलांत ‘पुट अप’ करतो म्हणजे उतरतो. तेथील जेवण मात्र तो ‘पुट अप विथ’ करतो, म्हणजे निमूटपणें सोसतो.

सर्वनामाची जागा हा आणखी एक खांचखळगा. ‘पुट इट ऑफ’ शुद्ध, ‘पुट ऑफ इट’ अशुद्ध; उलट ‘लुक आफ्टर इट’ हेंच शुद्ध. ‘ऑफ’ हें येथें क्रियाविशेषण आहे, म्हणून सर्वनाम मध्यें शिरतें. ‘आफ्टर’ हें शब्दयोगी, त्याला आपलें सर्वनाम मागोमाग लागतें.

‘लुक’ या एका शब्दाखालीं दहा अर्थ मांडणारीं पुस्तकें घोंटाळाच वाढवितात. वहींत सुटें क्रियापद न टिपतां कर्त्यासह सबंध वाक्य उतरून घ्यावें. मग खालीं कोण आला, ताप कीं रोगी, तें तेथेंच दिसतें.