वाटणीचे गाव : लामालेरा



या व्यासपीठावरून आजवर मोठमोठे विद्वान बोलून गेले आहेत. आमचे शिक्षण सातवीत थांबले. पुढची विद्या मिळाली ती युनियनच्या कचेरीतल्या एका कपाटातून आणि सार्वजनिक वाचनालयातून. अशा माणसाने इंडोनेशियातल्या एका आडबाजूच्या बेटावरील खेड्याबद्दल बोलावे, हे काहींना नवल वाटेल. पण कामगारांचे आणि इंडोनेशियाचे नाते जुने आहे. १९४५ साली इंडोनेशियाने स्वातंत्र्य जाहीर केले, तेव्हा ते मोडून काढण्यासाठी निघालेल्या डच जहाजांवर ऑस्ट्रेलियातील गोदी कामगारांनी बहिष्कार घातला. आणि त्या जहाजांवर नोकरीला असलेले हिंदी खलाशीही काम सोडून खाली उतरले. ती हकीकत वाचताना त्या देशाची गोडी लागली, आणि वाचत वाचत आम्ही लामालेरा या गावापर्यंत येऊन पोचलो.

इंडोनेशियाच्या पूर्व भागात फ्लोरेस नावाचे मोठे बेट आहे. त्याच्या पूर्वेला लहान बेटांची रांग लागते. त्यांतले एक लेंबाटा. त्याच्या दक्षिण किनाऱ्यावर, ज्वालामुखी डोंगराच्या उतारावर, लामालेरा वसले आहे. वस्ती दोनेक हजारांची. जमीन खडकाळ, पिकाला जवळजवळ निरुपयोगी. समोर मात्र सावू समुद्र, किनाऱ्यापासून थोड्याच अंतरावर अतिशय खोल. जमीन देत नाही म्हणून माणसे समुद्राकडे वळली. आपले पूर्वज एका बेटावरच्या मोठ्या आपत्तीतून वाचून येथे आले, असे तेथील लोक सांगतात. शेकडो वर्षे हे गाव देवमाशाच्या शिकारीवर जगत आले आहे.

ही शिकार कशी होते ते ऐका. नाव लाकडी, फळ्या लोखंडी खिळ्याने नव्हे तर लाकडी खुंट्यांनी जोडलेल्या. तिला ते ‘तेना’ म्हणतात. शीड ताडासारख्या झाडाच्या पानांचे विणलेले. नाकाडावर बांबूची फळी पुढे काढलेली असते आणि तिच्यावर भालेकरी उभा राहतो. त्याला ‘लामाफा’ म्हणतात. देवमासा टप्प्यात आला की तो हातातला लांब भाला घेऊन अंगाच्या सगळ्या भारानिशी त्याच्यावर उडी घेतो, आणि पोहत परत नावेला लागतो. पुढे दोराला बांधलेला देवमासा नावच ओढत नेतो. १९९४ साली काही नावा अशा खोल समुद्रात खेचल्या गेल्या आणि माणसे कित्येक दिवस अन्नपाण्यावाचून तरंगत राहिली. तेव्हा हा खेळ नव्हे, पोटासाठी जिवावर उदार होऊन केलेली मजुरी आहे. त्यांचेही काही दंडक आहेत. मारतात तो दातवाला देवमासा. निळ्या देवमाशाच्या जातीला हात लावायचा नाही, असा त्यांचा पूर्वापार निषेध आहे.

आता आमच्या दृष्टीने खरी गोष्ट सुरू होते. नाव एकट्याची नसते. ती एका कुळाच्या सामाईक मालकीची असते. मोठा देवमासा पन्नास फुटांपर्यंत भरतो. किनाऱ्याला आल्यावर त्याचे तुकडे पाडतात, पण कोणता तुकडा कोणाचा यावर भांडण होत नाही. कारण ते भाला उचलण्यापूर्वीच ठरलेले असते. डोक्याचा ठरावीक भाग गावची भूमी ज्यांची मानली जाते त्या जुन्या कुळांचा. काही भाग भालेकऱ्याचा, काही वल्हेकऱ्यांचा, काही नावेच्या भागीदारांचा. नाव बांधणाऱ्या सुताराचा वाटा आहे, भाल्याचे पाते घडवणाऱ्या लोहाराचा आहे, शीड विणणाऱ्याचाही आहे. हे वाटे घरी पोचले की तेथून नातलगांकडे, विधवांकडे, म्हाताऱ्यांकडे पुन्हा फुटतात. ज्याच्या घरात वल्हे मारणारा हात उरलेला नाही, त्याच्या चुलीवरही मांस चढते.

२००१ साली अर्थशास्त्रज्ञ आणि मानववंशशास्त्रज्ञ यांच्या एका मंडळीने जगभरच्या पंधरा लहान समाजांत एक प्रयोग केल्याचे प्रसिद्ध केले. दोघांपैकी एकाला काही रक्कम द्यायची; त्याने त्यातला किती भाग दुसऱ्याला देऊ करायचा ते ठरवायचे; दुसऱ्याने नाकारले तर दोघांनाही काही नाही. रूढ अर्थशास्त्राचे म्हणणे असे की, शहाणा माणूस अगदी थोडे देऊ करील. लामालेराच्या लोकांनी सरासरीने अठ्ठावन्न टक्के, म्हणजे निम्म्याहून अधिक, देऊ केले. पंधरा समाजांत सर्वांहून जास्त. यात साधुत्व शोधू नका. जेथे एकट्याने देवमासा मारता येत नाही, तेथे दुसऱ्याचा वाटा राखणे हाच व्यवहार ठरतो.

हंगाम सुरू होण्यापूर्वी, एप्रिलच्या अखेरीस, सर्व कुळे किनाऱ्यावर एकत्र बसतात. वर्षभराचे तंटे तेथे बोलून मिटवले जातात, कारण घरात किंवा नावेत बेबनाव असेल तर समुद्र साथ देत नाही, अशी त्यांची श्रद्धा आहे. लोक धर्माने कॅथलिक. पहिल्या मे रोजी किनाऱ्यावर प्रार्थना होते आणि नावा पाण्यात जातात. पहिल्या मेचा योग निव्वळ योगायोगाचा आहे, तरी कामगारांच्या सभेत सांगताना आम्हांला तो गोड वाटतो.

बायकांचे कामही तितकेच मोलाचे आहे. वाळवलेले मांस आणि मीठ डोक्यावर घेऊन त्या डोंगरातल्या गावांत जातात आणि बदल्यात मका, केळी, कंद आणतात. वुलांदोनीच्या शनिवारच्या बाजारात आधी कर गोळा होतो, शिट्टी वाजते आणि मग अदलाबदल सुरू होते. मोजमाप सहा नगांचे. त्याला ‘मुंगा’ म्हणतात. पैसा नाही, पण हिशेब पक्का आहे.

मग या गावाचे पुढे काय होणार? बाहेरून सुधारणा आल्या नाहीत असे नाही. १९७० च्या दशकात संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व शेती संघटनेने शिकार आधुनिक करण्यासाठी एक नॉर्वेजियन तज्ज्ञ पाठवला. ती योजना टिकली नाही आणि लोक आपल्या जुन्या नावांकडे परतले. पुढे इंजिन मात्र आले आणि राहिले. त्याने वल्हे मारण्याचे कष्ट वाचतात, हे कोण नाकारील? पण इंजिनाला तेल लागते आणि तेल मक्याच्या कणसांवर मिळत नाही, त्याला रोख पैसा लागतो. तेथून प्रश्न उभा राहतो : इंजिनाचा वाटा कोणाचा? होडीचा वाटा, जाळ्याचा वाटा ही भाषा आपल्या किनाऱ्यालाही ठाऊक आहे. यंत्र कुळाचे असेल तर ते जुन्या वाटणीत एक वाटेकरी होऊन बसते; एकट्याचे असेल तर हळूहळू बाकीचे त्याचे मजूर होतात.

दुसरा प्रश्न कायद्याचा. २००९ साली सावू समुद्रात राष्ट्रीय सागरी उद्यान जाहीर होऊ लागले, तेव्हा लामालेराने विरोध केला आणि लेंबाटाजवळचे पाणी त्यातून वगळले गेले. २०१४ साली मांटा या मोठ्या पाकट माशाला संपूर्ण संरक्षण मिळाले. तोही या लोकांच्या अन्नाचा भाग होता. जलचर वाचले पाहिजेत, याबद्दल आमच्या मनात शंका नाही. परंतु समुद्र ज्यांनी उपसला ती कारखान्यांसारखी मोठी जहाजे होती. विणलेल्या शिडाची नाव नव्हे. नियम करायचे तर किनाऱ्यावरच्या त्या बैठकीत बसून, त्यांच्या संमतीने करा. संमतीवाचून आलेला नियम कामगार कसा पाळतो, हे येथे बसलेल्या गिरणीकामगारांना सांगावे लागत नाही.

तिसरा प्रश्न मुलांचा. इंडोनेशियातले नामवंत भाषातज्ज्ञ गोरिस केराफ हे १९३६ साली याच गावात जन्मले. शाळेने माणसे मोठी केली, आणि तीच शाळा त्यांना गावापासून दूरही घेऊन गेली. शिकलेल्या पोराने भालाच उचलावा, असे म्हणण्याचा हक्क आपल्याला नाही. त्याला मास्तर व्हायचे असेल तर होऊ द्यावे. पण जो मागे राहील, त्याला केवळ दुसरा मार्ग नाही म्हणून राहावे लागू नये.

आमचे म्हणणे एवढेच की, लामालेराला पर्यटकांसाठी जुन्या वस्तूसारखे जपून ठेवू नये, आणि मागासलेले म्हणून मोडूनही काढू नये. उद्या देवमाशाची शिकार कदाचित थांबेल. जाळी आहेत, दुसरे मासे आहेत, नोकऱ्या आहेत. मिळकत बदलली तरी वाटा आधी ठरवण्याची आणि विधवेचा वाटा न विसरण्याची रीत राहिली, तर ते गाव उभे राहील. गाव करी ते राव न करी, ही आपली जुनी म्हण आहे. आपल्याकडे नवे यंत्र येते, नवा करार येतो, तेव्हा आपण मालकाच्या दारात जाऊन विचारतो की आमचे काय? तेथले लोक तोच प्रश्न भाला उचलण्यापूर्वी आपसांत सोडवतात. आपल्या पुढच्या कराराच्या वेळी ही गोष्ट आठवावी, एवढ्यासाठीच हा विषय निवडला.