शेण कोण काढतं?

आम्ही दोघी जावा, थोरली आणि धाकटी, आज जोडीनं बोलायला आलोय. आवाज धाकटीचा असला, तरी सांगणं दोघींचं आहे. कुठं चुकलं तर कोपर मारायला थोरली शेजारी बसलेलीच आहे.

मागच्या वर्षी श्रावणात आम्ही इंग्लंडला जाऊन आलो. थोरलीची लेक तिकडं सफक नावाच्या परगण्यात राहते. गावात परतल्यावर जी ती विचारते, लंडन बघितलं का, राजवाडा बघितला का? बघितला. पण आमच्या मनात राहिलाय तो एक रविवार. त्या दिवशी जावईबापूंनी सगळ्यांना गाडीत घातलं आणि नांगराच्या घोड्यांच्या जत्रेला नेलं. जत्रा आमचाच शब्द. ते त्याला ‘शो’ म्हणतात.

थालीपीठं, दही, शेंगदाण्याची चटणी असा डबा बांधून निघालो. कापणी झालेल्या मोठ्या रानात गाड्या लावल्या होत्या. दार उघडलं आणि पहिला वास आला तो लिदीचा आणि वाळल्या गवताचा. परमुलखात पहिल्यांदाच आम्हाला घरी आल्यासारखं वाटलं.

आणि घोडे! टांग्याचा घोडा आपण बघितलाय, वरातीचा बघितलाय. हे तसले नव्हेत. तिथं घोड्याची उंची हातावर मोजतात, आणि त्यांचा हात म्हणजे फक्त ४ इंच. ‘शायर’ जातीचा घोडा असा १७ हात भरतो, म्हणजे नुसत्या खांद्यापर्यंतच ५ फूट ८ इंच. वजन टनाच्या घरात. पायांवर खुरापर्यंत लोंबणारे पांढरे केस, धुऊन विंचरलेले. आयाळीत रिबिनी गुंफलेल्या, शेपट्या वेणीसारख्या बांधलेल्या, छातीवर पितळी बिल्ले. थोरली म्हणाली, “अगं, हा तर यांचा बेंदूर!” आपल्याकडं बेंदराला बैलांची शिंगं रंगवतात, झूल घालतात, गोंडे बांधतात, अगदी तसंच.

सफकची स्वतःची जात आहे, ‘सफक पंच’. रंग कायम तांबूस, आणि पायावर ते लांब केस नाहीत. तिकडची माती चिकट. केस असते तर चिखलाचे गोळे झाले असते. या जातीचे आजचे सगळे घोडे १७६८ साली जन्मलेल्या एकाच घोड्याच्या वंशातले. पुढं ट्रॅक्टर आले आणि दावणी रिकाम्या झाल्या. १९६६ साली या जातीच्या फक्त ९ शिंगरांची नोंद झाली होती. आजही ते थोडेच उरलेत, पण हौशी लोकांनी जीव लावून ती जात टिकवलीय.

हे ऐकताना आम्ही दोघी एकमेकींकडं बघत होतो. कारण आमची खिल्लारी जोडी. २०१९ च्या दुष्काळात ती चारा छावणीत होती, आणि छावणीत पाळीपाळीनं राहत होतो आम्ही दोघी. पाऊस झाल्यावर घरात ट्रॅक्टर आला आणि जोडी बाजारात गेली. त्या दिवशी घरातली पुरुषमंडळी जेवली नाहीत. आमचेही डोळे भरले. पण मैत्रिणींनो, आज खरं सांगतो. दुसऱ्या दिवशी पहाटे उठायचं नव्हतं, तेव्हा आम्हाला बरं वाटलं. शेण, पाणी, वैरण, गोठ्याची झाडलोट, सगळं आमच्याकडं होतं. बरं वाटल्याची लाजही वाटली, म्हणून हे आम्ही एकमेकींनाही कधी सांगितलं नव्हतं. ते त्या रानात, त्या घोड्यांपुढं बोललो.

एका तांबूस घोडीजवळ आमच्याच वयाची एक बाई खरारा करत होती. थोरलीनं सहा वर्षांच्या नातीला पुढं केलं. “विचार तिला, हिचं शेण कोण काढतं?” नातीनं विचारलं. बाई मोठ्यानं हसली आणि स्वतःच्या छातीवर बोट ठेवलं. पहाटे चारला उठून घोडी धुतली, वेण्या घातल्या, मग गाडीत चढवून आणली, असं सांगितलं. तिची आजी लढाईच्या काळात ‘विमेन्स लँड आर्मी’त होती. पुरुष सैन्यात गेल्यावर या बायकांनी शेतं सांभाळली, घोड्यांमागं नांगरही धरला.

आम्हाला वाटलं, आता हिचा नवरा नाहीतर भाऊ येईल आणि घोडी रिंगणात नेईल. कुणी आलं नाही. तिनं हात पुसले, कोट घातला, टोपी घातली आणि लगाम धरून स्वतःच आत गेली. भोंग्यावर घोडीचं नाव पुकारलं, पाठोपाठ तिचं. पंचांनी घोडीचे पाय चाचपले, चालवून बघितली. तिसरा नंबर आला. आम्ही टाळ्या वाजवल्या आणि का कोण जाणे, थोरलीनं पदर डोळ्याला लावला.

आमच्या घरी भिंतीवर एक फोटो आहे. खिल्लारी जोडी, गळ्यात हार, कासरा धरलेले मामंजी, शेजारी दोघं भाऊ. त्या दिवशी बैलांचे पाय धुऊन, ओवाळून, पुरणपोळी आम्हीच भरवली होती. फोटोत आम्ही नाही. बोलवायचं कुणाला सुचलं नाही, आणि आम्हालाही उभं राहायचं सुचलं नाही.

हे आज सांगायचं कारण आहे. २०२३ साली सुप्रीम कोर्टानं बैलगाडा शर्यतींचा कायदा वैध ठरवला, तेव्हापासून आमच्या घरात शर्यतीचा खोंड आणायची बोलणी चालू आहेत. आम्ही नाही म्हटलेलं नाही. खिल्लार टिकावी असं आम्हालाही वाटतं. पण परत आल्यावर आम्ही जेवणाच्या वेळी दोन अटी घातल्या. शेण, वैरण, पाण्याच्या पाळ्या सगळ्यांच्या नावानिशी गोठ्याच्या भिंतीवर लिहायच्या. आणि खरेदीची पावती आम्हा दोघींच्या नावावर करायची.

धाकटीचे मालक हसले. थोरलीचे मालक काही बोलले नाहीत. मग पंधरा दिवस खोंडाचा विषयच निघाला नाही. परवा मात्र थोरलीच्या मुलानं हळूच विचारलं, “काकी, गोठ्याला पहाटे किती वाजता उठावं लागतं?”

आम्ही दोघींनी एकदमच सांगितलं, “चारला.”

तो अजून विचार करतोय. करू दे. तुमच्याही घरात जनावर असेल, नाहीतर आणायचं चाललं असेल, तर पैशाचा हिशेब होण्याआधी हा एक प्रश्न विचारा.